औषध बदलण्याआधी ते पोहोचते का ते पाहा

मुलाचा दमा औषधाला दाद देत नाही असे कोणी सांगितले की मी आधी औषधाचे नाव विचारत नाही. मूल ते कसे घेते, हे विचारते. हे शहाणपण मला उशिरा आले. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिला सकाळ-संध्याकाळ नेमाने पंप देत होतो, तरी पहाटेचा खोकला हटत नव्हता. डोस वाढवायचे ठरत असताना एका परिचारिकेने "माझ्यासमोर देऊन दाखवा" म्हटले आणि लक्षात आले की रडणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसतच नव्हता. मूल रडत असताना औषध फुफ्फुसांपर्यंत फारसे जात नाही, आणि फट राहिली तर उरलेलेही हवेत विरते.

अशा चुका क्षुल्लक दिसतात म्हणूनच त्या सापडत नाहीत. स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधली प्लॅस्टिकची नळी, फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात; तो साबणाच्या पाण्यातून काढून आपोआप वाळू द्यायचा असतो. दोनशे मात्रा संपल्यानंतरही पंप फुसफुसत राहतो, त्यामुळे मोजणी न ठेवणारे घर कित्येक दिवस रिकामा पंप देत असते.

त्याहून चिवट कारण म्हणजे बरे वाटताच प्रतिबंधक औषध परस्पर बंद करणे. लगेच आराम देणारे सॅल्ब्युटामॉल श्वासनलिका काही तासांपुरत्या मोकळ्या करते, पण आतली सूज तशीच राहते; ती उतरवणारे प्रतिबंधक स्टेरॉइड मात्र लगेच जाणवण्यासारखे काही करत नाही, म्हणून विश्वास पहिल्यावर बसतो. स्टेरॉइडने उंची खुंटण्याची भीती मलाही होती. रोज बुडेसोनाइड हे पंपातले स्टेरॉइड घेतलेल्या मुलांचा प्रौढ वयापर्यंत मागोवा घेऊन २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचीतली घट सरासरी १.२ सेंटिमीटर निघाली. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, तर मोठा झटका आल्यावर तोंडाने द्यावे लागणारे स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये, हे कळल्यावर माझा हिशेब बदलला.

घरातला सिगारेटचा धूर आणि सतत चोंदलेले नाक हीदेखील कारणे आहेतच. क्वचित निदानच चुकलेले असते: श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणाही घरघर करतो, आणि पंपाने तो निघत नाही.

आम्ही अजूनही प्रत्येक तपासणीला पंप आणि स्पेसर सोबत नेतो आणि समोर घेऊन दाखवतो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. गेल्या खेपेस तिने पंप न हलवताच दाबला.