स्कॅनर शेवटी येतो

जुन्या जर्मन सवंग सिनेमांच्या जतनावरचा एक लेख वाचला. त्याचा सूर असा की हे सिनेमे फोर-केमध्ये (म्हणजे अतिशय बारीक तपशिलात) स्कॅन केले की काम झालं. हे काही पटलं नाही. आधी स्कॅन करायला काहीतरी हाती लागायला हवं ना! वितरक केव्हाच बुडालेले, हक्क कोणाकडे ते धड कुणाला ठाऊक नाही, आणि एकच सिनेमा प्रत्येक देशात वेगळ्या नावाने, वेगळ्या कापाकापीसह लागलेला. १९७०चा 'मार्क ऑफ द डेव्हिल' जर्मनीत भलत्याच नावाने चालला होता. अशा सिनेमाची प्रिंट शोधायची तर सगळी नावं माहीत हवीत. निगेटिव्ह नसेल तर थिएटरात झिजलेल्या ३५ मिमी प्रिंटवरच भागवावं लागतं. त्या काळच्या ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून सगळं गुलाबी दिसतं. तो रंग संगणकावर परत आणायचा म्हणजे बराचसा अंदाजच.

याउलट झुरिकचे निर्माते एर्विन डीट्रिख. त्यांनी स्पॅनिश दिग्दर्शक जेस फ्रँकोच्या सिनेमांच्या निगेटिव्ह स्वतः जपल्या, म्हणून त्याचा, नट क्लाऊस किन्स्की असलेला १९७६चा 'जॅक द रिपर' आज इतका स्वच्छ दिसतो. (सिनेमा म्हणून तो बरा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही.) जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या कोमकिनो या चित्रपटगृहात हौशी मंडळी असल्या प्रिंट अजून प्रोजेक्टरवर चालवतात, त्यांचा लेखात उल्लेख हवा होता.