बाळंतिणीच्या ताटातील मोरी

कोकणात बाळंतिणीला मोरीचे कालवण घालण्याची जुनी रीत आहे. मोरी म्हणजे लहान शार्क. काही भागांत तिला मुशी म्हणतात. मोरीने अंगावरचे दूध वाढते असे आजी सांगत असे आणि माझ्या आईलाही तिने ते मायेने रांधून घातले होते. त्यामुळे हे लिहिताना जड जाते; परंतु गर्भारपणात आणि बाळंतपणात टाळावा असा एकच मासा सांगायचा झाला तर तो मोरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण पारा. कोळशाच्या धुरातून आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून समुद्रात पोचलेल्या पाऱ्याचे काही जीवाणू मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. हे विष प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणाऱ्या तारली-पेडव्यांत थोडे, तारली खाणाऱ्या सुरमईत अधिक आणि वर्षानुवर्षे इतर मासे खात जगणाऱ्या शार्कमध्ये कितीतरी पटींनी साचते. ते मांसातील प्रथिनांनाच चिकटलेले असल्यामुळे हळद-मीठ चोळून, उकळून किंवा तळून जात नाही. माणसाच्या शरीरात ते निम्म्यावर यायला साधारण ५० दिवस लागतात, म्हणजे दिवस राहण्याआधी खाल्लेला मासाही गर्भाच्या वाट्याला येतो.

जपानमधील मिनामाता येथे रसायनांच्या कारखान्याचा पारा उपसागरात सोडला जात होता आणि १९५६ साली तेथील आजाराची अधिकृत नोंद झाली. वार (प्लासेंटा) गर्भाला विषापासून वाचवते, असे त्या काळी डॉक्टरही मानत होते. प्रत्यक्षात आईला फारशी लक्षणे नसताना मुले मेंदूला इजा होऊन जन्माला आली. आपल्या बाजारातील मासे मिनामाताइतके दूषित आहेत असे मी अजिबात म्हणत नाही, पण गर्भ आईपेक्षा किती नाजूक असतो हे तेथेच कळले.

घाबरून मासेच सोडणे मात्र चुकीचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींना ‘किंग मॅकेरेल’ टाळायला सांगितले आहे आणि आपल्याकडे त्याचा अर्थ कोणी सुरमई, तर कोणी ‘मॅकेरेल’ या नावामुळे चक्क बांगडा असा लावतात. तो अटलांटिकमधील वेगळा मासा आहे. सुरमई त्याच्याच गोतातली, शिकार करून जगणारी, म्हणून मोठी सुरमई बेताने खावी. पण प्लवकांवर जगणाऱ्या लहानशा बांगड्याला त्या यादीत ओढणे हा अन्याय आहे. माखलीचा (कटलफिश) प्रश्न निराळा आहे, कारण तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू साचतो तो मुख्यतः पोटातील अवयवांत, आणि ते न फोडता काढून टाकले तर बराचसा धोका टळतो.

युरोपीय संघाने माखलीतील कॅडमियमला किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ती ओलांडणारा माल तेथून परत येतो, म्हणून निर्यातदार तपासणी करून घेतात. मुंबईच्या ससून डॉक बंदरावरून आपल्या पिशवीत येणारा मासा परत पाठवणारे कोण आहे? पारा, शिसे आणि कॅडमियम यांच्या मर्यादा आपल्या कायद्यातही आहेत; तेव्हा कोणत्या बंदरावरील कोणत्या माशात काय आढळले, याचे अहवाल मासळीबाजारात मराठीत लावावेत, एवढी माझी मागणी आहे.

भाचीला सातवा महिना लागला आहे. आईने परवा मोरीचा विषय काढला, तेव्हा मी तिला हे सारे सांगितले; ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मग पेडव्यांचे तिखले करू.”