ग्लायर्शरचं सुवर्ण नशिबाचं नव्हतं

२०१८च्या प्याँगचांग ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या एकेरी ल्यूजचा (म्हणजे बर्फाच्या वळणदार उतारावरून छोट्या स्लेजवर उताणं पडून घसरण्याच्या शर्यतीचा) विषय निघाला की ठरलेलं वाक्य कानावर येतं: जर्मनीच्या फेलिक्स लॉखनं हातातलं सुवर्ण घालवलं आणि ऑस्ट्रियाच्या डेव्हिड ग्लायर्शरला ते आयतं मिळालं. पहिला अर्धा भाग मान्य. दुसरा साफ चूक.

ऑलिंपिकला एकेरीत दोन दिवसांत चार रन, म्हणजे ट्रॅकवरून वरून खालपर्यंतच्या फेऱ्या, होतात आणि चारही वेळांची बेरीज धरली जाते. एकही रन वगळायची सोय नाही. शेवटच्या रनला पहिले वीस जण उतरतात, तेही उलट्या क्रमानं, म्हणजे आघाडीवरचा सगळ्यात शेवटी. लॉख २०१० आणि २०१४चा विजेता. तीन रननंतर तोच पुढे होता. चौथ्यात नवव्या वळणावर स्लेज आडवी घसरली आणि तो थेट पाचवा.

‘नुसतं उताणं पडून घसरायचं, त्यात काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो.

खेळाडूच्या अंगाची ताकद कामी येते ती फक्त स्टार्टला. दोन्ही बाजूंचे दांडे धरून स्लेज मागे-पुढे झुलवायची, मागे पूर्ण दबून एका झटक्यात अंग पुढे फेकायचं, मग हातमोज्यांच्या बोटांवरच्या खिळ्यांनी बर्फ तीन-चार वेळा मागे रेटायचा आणि अलगद आडवं व्हायचं. इथे शतांशाचा उशीर झाला तर तो तेवढाच राहत नाही. कमी वेगानं निघालेली स्लेज पुढचा प्रत्येक मीटर कमी वेगानं कापते, त्यामुळे तळाला पोचेपर्यंत फरक वाढलेला असतो. आडवं होताना घाई झाली, अंग वाकडं पडलं, तर पहिल्याच वळणात स्लेज हलते आणि स्टार्टची कमाई तिथेच वाहून जाते. टीव्हीवरचे समालोचक कमाल वेगाचा आकडा ओरडून सांगतात. तो दुर्लक्षिला तरी चालेल, स्टार्टची वेळ आणि मधल्या टप्प्यांच्या वेळा बघा.

पुढचं सगळं पोटऱ्या आणि खांद्यांवर. डावीकडे वळायचं तर उजव्या पोटरीनं उजव्या धावपट्टीचं (स्लेज जिच्यावर घसरते त्या पट्टीचं) पुढचं वाकडं टोक आत दाबायचं आणि डावा खांदा खाली टाकायचा. ब्रेक नाहीच. शर्यत संपल्यावर उठून बसायचं, पाय बर्फाला टेकवायचे आणि स्लेजचं पुढचं टोक वर ओढायचं. गंमत अशी की प्रत्येक दुरुस्तीची किंमत पडते. स्लेज वळवली की धावपट्टीखालचं पोलादी पातं बर्फ खरवडतं आणि वेग जातो. म्हणून उत्तम रन बघताना खेळाडू काहीच करत नाहीये असं वाटतं. डोकं उचलून पुढे पाहिलं तरी हवेचा अडथळा वाढतो, त्यामुळे ही मंडळी वळणं पाठ करून आलेली असतात.

पोलादी पात्यांचं शास्त्र तर वेगळंच. कडा धारदार ठेवली तर कडक बर्फावर पकड मिळते, पण घर्षण वाढतं. तीच धार मऊ बर्फात रुतते. बोथट ठेवली तर स्लेज पळते, मात्र वळणात निसटू शकते. पाती गरम करायला सक्त बंदी आहे. स्टार्टजवळ सावलीत टांगलेल्या नमुन्याच्या पात्यापेक्षा ती ५ अंश सेल्सियसहून जास्त गरम भरली तर खेळाडू बाद.

वजनाचाही हिशेब असतो. पुरुषांमध्ये ९० किलोपेक्षा हलक्या खेळाडूला फरकाच्या ७५ टक्के शिसं अंगावर बांधता येतं, जास्तीत जास्त १३ किलो. म्हणजे ७८ किलोचा खेळाडू ९ किलो बांधू शकतो. तरी ३ किलोंची तूट उरतेच.

आता ते नववं वळण. लॉखनं स्पर्धेआधी ते ओळखलं नव्हतं असं कोण म्हणेल? सगळ्यांनाच त्याचा धाक होता. तिथून स्लेज किंचित चुकीच्या कोनात बाहेर पडली की सरळ होण्याआधीच घसरते, कधी भिंतीला लागते. घसरताना पाती बर्फाला आडवी ओढली जातात आणि तिथे गमावलेला वेग खालपर्यंत परत मिळत नाही. ग्लायर्शर त्याच वळणातून चार वेळा गेला आणि चारही वेळा सावरून निघाला. यात आयतं काय मिळालं?

आकडे बघा. ग्लायर्शर आणि रौप्यविजेता अमेरिकेचा ख्रिस मॅझ्डर यांच्यात चार रन मिळून ०.०२६ सेकंदांचं अंतर होतं. मॅझ्डरनं तिसऱ्या रनमध्ये ट्रॅकचा विक्रम केला होता, म्हणजे पाठलागही काही लेचापेचा नव्हता. जर्मनीचा योहानेस लुडविग कांस्यपदकाला पोचला तो इटलीच्या डोमिनिक फिशनालरपेक्षा ०.००२ सेकंदांनी पुढे राहून. ताशी १२० किलोमीटर वेगाला हे अंतर सात सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. ऑस्ट्रियाला या प्रकारात १९६८नंतर पहिल्यांदा सुवर्ण मिळालं.

म्हणूनच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीचा निकाल दोनच रनवर लावतात, ते मला खटकतं. वर्ल्ड कपच्या दर आठवड्याच्या शर्यतीला दोन रन ठीक आहेत, प्रवास आणि बर्फाची निगा यांचा विचार करावा लागतो. पण वर्षाच्या सगळ्यात मोठ्या किताबाला? दोन रनमध्ये स्टार्टचा क्रमांक, बर्फावर साचलेलं दव, बदलतं तापमान यांचा वाटा नको इतका वाढतो. चार रनमध्ये निदान दोन वेगळ्या दिवसांचा बर्फ सगळ्यांच्या वाट्याला येतो. प्याँगचांगला दोन रनवर निकाल लावला असता तर सुवर्ण लॉखचं होतं. नववं वळण आणखी दोनदा पार करायची वेळच त्याच्यावर आली नसती.