ती जहाजाची गोष्ट आता पुरे

हात जोडून सांगते, ती जहाजाची गोष्ट मला यापुढे कुणी फॉरवर्ड करू नका. सकाळी चर्चमध्ये मिशन संडेच्या उपदेशात ऐकली. घरी येऊन मोबाईल उघडला तर महिला मंडळाच्या ग्रुपवर तीच, तरुण संघाच्या ग्रुपवर तीच, आणि नाशिकच्या मावशीने तर कुणीतरी वाचून दाखवल्याचा ऑडिओच पाठवलाय, मागे रडक्या व्हायोलिनसकट.

ज्यांच्यापर्यंत ती अजून पोचली नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. १७३२ साल. जर्मनीतल्या मोरेव्हियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, दोन तरुण. वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर गुलामांना सुवार्ता सांगायची आहे, पण मळ्याचा मालक पाऊल ठेवू देत नाही. मग हे दोघे स्वतःलाच गुलाम म्हणून विकतात. जहाज सुटतं, धक्क्यावर घरचे रडताहेत, आणि डेकवरून एक जण हात उंचावून वधलेल्या कोकऱ्याच्या नावाने काहीतरी हृदयद्रावक ओरडतो. आमचे पाहुणे उपदेशक इथे बरोबर थांबले. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मग पडद्यावर वाढीचा आलेख आला, बाण वरवर चढत गेला, आणि लगेच दानाची थैली फिरली.

असं घडलेलं नाही हो! माणसं खरी आहेत. लेओनार्ड डोबर कुंभार होता, डेव्हिड निट्शमान सुतार. २१ ऑगस्ट १७३२ ला हेर्नहुट गावातून निघाले आणि डिसेंबरात सेंट थॉमस या डॅनिश बेटावर उतरले. वेळ पडली तर गुलाम व्हायचीही तयारी आहे असं ते म्हणाले होते, हेही खरं. पण गोऱ्या माणसाला तिथे गुलाम करून घेत नव्हते, हे त्यांना वाटेत कोपनहेगनमध्येच सांगण्यात आलं. निट्शमानने बेटावर सुतारकाम करून पोट भरलं आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. डोबर १७३४ मध्ये परतला. कुणी कुणाला विकलं नाही, आणि त्या आरोळीचा तर कुठे पत्ताच लागत नाही.

बरं, गोष्टीला थोडं तिखटमीठ लागतं, त्याने माझा एवढा भडका उडाला नसता. मला राग येतो तो तिच्यातून कुणाला गाळलंय याचा.

या सगळ्याची सुरुवात अँटन नावाच्या एका गुलामाने केली. १७३१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकाला मोरेव्हियनांचा पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ कोपनहेगनला गेला होता. तिथे एका सरदाराच्या चाकरीत असलेला अँटन भेटला. माझी बहीण आणि भाऊ सेंट थॉमसवर आहेत, त्यांना सुवार्ता ऐकायचीय, असं त्याने सांगितलं. मग हेर्नहुटला येऊन हेच त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे हाक त्याची, पत्ता त्याचा, भावंडं त्याची. आणि आजच्या स्लाइडवर त्याचं नावसुद्धा नव्हतं. जहाज मात्र होतं, फुल स्क्रीन.

माझी आजी, वडिलांची आई, बायबलबाई होती. माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींनी हे माझ्याकडून अनेकदा ऐकलंय, पुन्हा ऐका. पहाटे भाकऱ्या थापून निघायची आणि आजूबाजूची खेडी पायी करायची. कापडी पिशवीत नवा करार, गीतांचं पुस्तक, खरजेचं मलम आणि आयोडीनची बाटली. विहिरीवर, खळ्यावर, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे गोऱ्या मिशनरी साहेबाला उभ्या जन्मात शिरता आलं नसतं तिथे ती बसायची. साहेब थंडीत दौऱ्यावर यायचा, घोड्यावरून. तंबू ठोकायचा, उपदेश करायचा, बाप्तिस्मे द्यायचा आणि अहवाल लिहायचा.

पुढे मिशनला शंभर वर्षं झाली तेव्हा जाडजूड स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. त्यात साहेबाच्या घोड्याचं नाव आहे. शपथेवर सांगते, घोड्याचं. पांढरा होता म्हणे, फार गुणी. आजीचं नाव नाही. आजी ‘व इतर सेविका’ यात गेली.

काका म्हणतात, सेवा करणाऱ्याने नावाची आस धरू नये. बरोबर आहे. मग घोड्याने का धरली?

आता सेंट थॉमसवर परत चला. डोबर आणि निट्शमान निघून गेले, नवे मिशनरी आले, त्यातले बरेचसे तापाने गेले. शेजारच्या सेंट क्रॉइ बेटावर गेलेल्या पहिल्या तुकडीची तर धूळधाण झाली. त्यांच्या मरणाची टिंगल मी करणार नाही, तेवढी मी कोडगी नाही. पण गुलामांमध्ये मंडळी उभी राहिली ती कुणाच्या पायपिटीने? रेबेका नावाच्या बाईच्या. जन्म अँटिग्वाचा, लहानपणीच विकली जाऊन सेंट थॉमसवर आलेली, पुढे मुक्त झालेली, लिहिता-वाचता येणारी. दिवसाचं काम संपलं की संध्याकाळी डोंगरवाटेने या मळ्यावरून त्या मळ्यावर जायची आणि गुलाम बायकांना शिकवायची. १७३८ मध्ये तिने एका गोऱ्या मिशनऱ्याशी लग्न केलं, तर दोघांनाही तुरुंगात टाकलं. काउंट १७३९ च्या जानेवारीत बेटावर आला, तेव्हा त्याच्या खटपटीने ती सुटली. हो, काउंटमुळे सुटली, तेही लिहून टाकते, म्हणजे खाली येऊन कुणी मला आठवण करून द्यायला नको.

पण याच काउंटने निघताना जमलेल्या गुलामांसमोर भाषण केलं. त्याचा सारांश असा: बाप्तिस्म्याने तुमची सुटका होते ती वाईट विचारांपासून, मालकापासून नव्हे. राजा, मालक, चाकर, गुलाम हे देवानेच नेमून दिलेलं आहे, तेव्हा निमूट काम करा. आणि मिशन तरी काय करत होतं? मिशनने त्याच बेटावर मळा विकत घेतला होता. मळ्याबरोबर माणसंही. ज्यांनी स्वतःला विकलं म्हणून आज आमच्या डोळ्यांत पाणी काढलं, त्यांच्याच मिशनने माणसं विकत घेतली होती! त्या डॅनिश बेटांवरची गुलामगिरी संपली १८४८ मध्ये, तीही गुलामांनी उठाव केल्यावर. हे कुठल्या स्लाइडवर होतं? आम्ही कोण आहोत, आमचे पणजोबा-खापरपणजोबा गावाच्या कुठल्या अंगाला राहायचे आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्यांनी काय शोधलं, हे आपल्याला सांगायला लागतं का? ‘देवानेच नेमून दिलंय, निमूट काम करा’ हे वाक्य आपण जन्मोजन्मी ऐकलेलं आहे. ते चर्चमधून आलं म्हणून गोड लागत नाही.

(धर्मांतर या विषयावर भांडायला टपून बसलेल्यांनी इथे गर्दी करू नये. हे आमचं घरातलं भांडण आहे.)

चहा करून आले. जरा शांत झालेय.

खरं तर मोरेव्हियन मला आवडतात, म्हणूनच एवढं लागतं. मूळ बोहेमिया-मोराव्हियाचे, छळाला कंटाळून निघालेले निर्वासित. १७२२ मध्ये काउंटच्या जमिनीवर झाडं तोडून त्यांनी हेर्नहुट वसवलं. कुंभार, सुतार, विणकर अशी माणसं. दहा वर्षांनी ती वेस्ट इंडीजला निघाली, पुढच्या वर्षी ग्रीनलंडला, मग सुरिनाम, दक्षिण आफ्रिका, लॅब्राडोर. काउंट १७६० मध्ये वारला तोपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. मोठमोठ्या राज्यांच्या चर्चना जे सुचलं नाही ते एवढ्याशा गावाला सुचलं. मिशनरी विल्यम कॅरीला इंग्लंडातून हलवलं ते यांच्याच उदाहरणाने. आणि कॅरी बंगालमधल्या श्रीरामपूरला आला म्हणून आपल्या मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं. कॅरीचा पुतळा, कॅरीचं कॉलेज, कॅरीवर प्रश्नमंजूषा. त्याला मराठी शिकवणारे नागपूरकडचे वैजनाथ पंडित किती जणांना माहीत आहेत? आपल्या संडे स्कूलच्या एका तरी पोराला विचारून बघा.

हं, परत चढायला लागला आवाज.

आता मला जे सांगायचंय ते. दक्षिण आफ्रिकेत १७३७ मध्ये गेओर्ग श्मिट नावाचा मोरेव्हियन एकटाच गेला आणि तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांमध्ये राहिला. मोजक्या लोकांना बाप्तिस्मा दिला. तिथल्या डच पाळकांना ते खपलं नाही, आणि १७४४ मध्ये त्याला परत यावं लागलं. तो पुन्हा कधी गेला नाही, दुसरं कुणी गेलं नाही. अहवाल बंद, आलेख बंद. जवळजवळ पन्नास वर्षं. १७९२ च्या अखेरीस तिघे नवे मिशनरी तिथे पोचले तेव्हा त्यांना एक म्हातारी भेटली. श्मिटने तिला मॅग्डालेना असं नाव दिलं होतं, लोक लेना म्हणत. नजर गेलेली. तिच्याकडे श्मिटने दिलेला नवा करार होता, मेंढीच्या कातड्यात नीट गुंडाळून ठेवलेला. तिला दिसेना म्हणून एक तरुण बाई तो वाचून दाखवायची. कुणी पगार दिला नाही, कुणी विचारपूस केली नाही, दौऱ्यावर कुणी साहेब आला नाही. त्या जागेला आता गेनाडेंडाल म्हणतात. मंडेलांनी राष्ट्राध्यक्षांच्या केपटाउनच्या निवासस्थानाला तेच नाव दिलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आजीचा नवा करार काढून बसले. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला आहे. कडा उंदराने कुरतडल्यात. समासात पेन्सिलीने बारीक अक्षर, तेही सगळं वचनांबद्दलचं नाही. अमकीच्या सुनेला दिवस गेलेत. तमकीचं पोर तापाने फणफणलंय. तिसरीचा नवरा मुंबईला गेला त्याचं पत्र नाही. शुभवर्तमानाच्या बाजूने अख्खा पंचक्रोशीचा संसार लिहिलाय. ‘प्रार्थना करणे’ असं मध्येमध्ये. काही ठिकाणी पुढे छोटी फुली आहे, ती कशाची हे विचारायला आता कुणी उरलं नाही.

आता लगेच कुणीतरी लिहील की साहेब आलाच नसता तर तुझ्या आजीला वाचता तरी आलं असतं का. नसतं आलं. मान्य. पुढे.

वाढीचंच बोलायचं तर नीट बोलू या. आज जगातल्या मोरेव्हियनांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या टांझानियात आहेत. तिथे जर्मन मिशनरी १८९१ मध्ये रुंग्वेला पोचले आणि पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना उचलून नेलं. मग मंडळी बंद पडली का? गावोगावचे शिक्षक, वडील, बायका यांनी ती धरून ठेवली. आज हेर्नहुट आहे तसं छोटं गाव आहे, आणि सगळ्या युरोपात मिळून मोरेव्हियन काही हजार. ज्या मंडळीने पाठवलं ती एवढीशी राहिली, आणि ज्यांच्याकडे पाठवलं ते लाखांत गेले. आज तो आलेख दाखवताना पाहुणे उपदेशक म्हणाले, बघा, दोन तरुणांच्या त्यागाचं फळ. छे! लाखो टांझानियन माणसांनी सव्वाशेहून जास्त वर्षं खपून जे केलं ते दोन जर्मन पोरांच्या खात्यावर जमा.

आणि जिथे आलेख चढत नाही तिथलं काय? आपल्या पुण्या-ठाण्याच्या टूर दरवर्षी लेहला जातात. पँगाँग तलावावर त्या सिनेमातली पोज देऊन येतात. भर लेहमध्ये मोरेव्हियन चर्च आहे हे कितीजणांनी पाहिलंय? १८५६ मध्ये दोघे मोरेव्हियन हिमाचलच्या लाहौलमधल्या केलाँगला थांबले. जायचं होतं मंगोलियाला, वाट मिळाली नाही. १८८५ मध्ये लेहला काम सुरू झालं, दवाखाना, शाळा, पुढे छापखाना. आणि इतक्या वर्षांनंतर मंडळी किती? काही शेकडा. थैली फिरवायला हा आकडा कामाचा नाही. पण तिथल्या योसेब गेर्गन या माणसाने तिबेटी बायबलच्या भाषांतरात आयुष्य घातलं. १९४६ मध्ये तो वारला आणि १९४८ मध्ये पुस्तक लाहोरला छापून झालं. याच्यावर उपदेश करा ना कुणीतरी. मी पहिल्या बाकावर येऊन बसते.

पाळकसाहेबांना दुपारीच मेसेज टाकलाय. पुढच्या मिशन संडेला मला वीस मिनिटं द्या, रेबेका आणि लेनावर बोलते, स्लाइड नको, आलेख नको. त्यांचं उत्तर आलं, ‘कमिटीत ठेवतो.’ कमिटीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तोवर इथे करू या. ज्यांच्या घरात बायबलबाई, शाळामास्तर, पुस्तकं विकत हिंडणारा सेवक, मिशन दवाखान्यातली दाई होऊन गेली, त्यांनी खाली नाव आणि गाव लिहा. पूर्ण नाव लिहा, फक्त ‘आमची आजी’ नको. पहिल्या कमेंटमध्ये माझ्या आजीचं लिहिते. स्मरणिका कुणाकडे असेल तर घोड्याचं नाव सांगायची गरज नाही, ते मला पाठ आहे.