'फाइल टाका, बटण दाबा' म्हणे!

लहान फॅब्रिकेशनवाल्यांमध्ये सध्या एक दावा जोरात फिरतोय: 'वेल्डिंग रोबोला आता प्रोग्रामिंग लागत नाही. कॅड फाइल (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) टाका किंवा जॉब (वेल्ड करायची वस्तू) स्कॅन करा, जॉइंट तोच शोधतो. फिक्श्चर (जॉब जागेवर पक्का धरणारा साचा) नको, वेल्डर नको, कोबॉट (माणसाशेजारी चालणारा रोबो) असेल तर आडोसाही नको.'

प्रोग्रामिंगचं म्हणणं बरंचसं खरं आहे, ते आधी मान्य करू. पेंडंट (रोबोचा रिमोट) हातात धरून एकेक पॉइंट शिकवणं हे लहान ऑर्डरचं खरं दुखणं. समजा दहा नग आहेत, नगाला सहा मिनिटं वेल्डिंग. शिकवण्यात चार तास गेले, तर तासाभराच्या कामासाठी चार तास आर्क बंद, म्हणजे वेल्डिंगच नाही. टॉर्चचा (रोबोच्या हातातल्या वेल्डिंग गनचा) मार्ग सॉफ्टवेअरने आखला तर हा वेळ खूप खाली येतो. पण आखला जातो तो फक्त मार्ग.

'फिक्श्चर नको' हे मात्र साफ चूक. सॉफ्टवेअरला ड्रॉइंग माहीत असतं, टेबलावरचा जॉब नाही. 300 मिमीच्या फ्लँजचा (वळवलेल्या कडेचा) बेंड अर्ध्या अंशाने चुकला, तर टोक अडीच मिमीहून जास्त सरकतं. वेल्डिंग वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त चूक रोबोला झेपत नाही, असा ढोबळ हिशेब आहे, 1.2 मिमी वायरला म्हणजे 0.6 मिमी. स्कॅनर जॉइंट कुठे सरकलाय ते दाखवेल, पण पडलेली गॅप बुजवणार कोण? हाताने वेल्डिंग करणारा माणूस गॅप दिसली की हात हळू करतो, टॉर्च हलवून भरून घेतो. म्हणून फिटअपमधल्या (तुकडे जुळवण्यातल्या) चुका आजवर खपून गेल्या.

शिवाय स्कॅन होतो तो थंड जॉबचा. वेल्डिंग सुरू झालं की पत्रा ओढला जातो आणि तिसरी-चौथी शिवण आधीच्या जागी राहत नाही. आर्कच्या करंटवरून शिवण धरून ठेवणारी सोय असते, पण तिला टॉर्च आडवी हलवावी लागते आणि पातळ पत्र्याच्या लॅप जॉइंटवर (एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांच्या जोडावर) ती गडबडते. टॉर्चपुढे लावलेला लेझर सेन्सर नेमका अडचणीच्या कोपऱ्यात मावत नाही. टॅक (तात्पुरते टाके) कुठे मारायचे, कोणती शिवण आधी घ्यायची, हे अजूनही अनुभवाचंच काम.

म्हणजे 'वेल्डर नको' हेही निकालात निघालं. करंट, व्होल्टेज, स्पीडचे तयार आकडे ही फक्त सुरुवात असते. बीड (वेल्डची रेघ) वरून देखणी आणि मुळाशी फ्यूजनच नाही, म्हणजे धातू एकजीवच झालेला नाही, हे नुसतं वरून दिसत नाही; जॉब कापून, घासून, ॲसिड लावून बघितलं की कळतं. ग्राहकाने आयएसओ 15614 या मानकाप्रमाणे प्रोसीजर टेस्ट (वेल्डिंगच्या पद्धतीची चाचणी) मागितली, तर मार्ग कोणी आखला याने काहीच फरक पडत नाही.

कोबॉटबद्दल थोडक्यात: तो धडकला तर थांबतो, एवढंच. आर्कचे अतिनील किरण आणि धूर थांबत नाहीत. वेल्डिंगचा पडदा आणि धूर ओढणारी यंत्रणा लागतेच.

मग घ्यायचाच नाही का? कटिंग-बेंडिंग नियमित मापात येत असेल तर जरूर घ्या. फक्त डेमोला विक्रेत्याचा गुळगुळीत नमुना नको. आपल्याच ढिगातला, बेंड थोडा चुकलेला जॉब न्या आणि प्रोग्राम तयार झाल्यावर घड्याळ थांबवू नका. पहिला नग इन्स्पेक्शनमध्ये पास होईपर्यंत ते चालू ठेवा.