वीतभर तार आणि शेंगदाण्याचा जीव

सोलापुरात ट्राम नव्हती हे मला माहितीये. तरी मी घरात बसून ट्रामचं छोटं मॉडेल करतोय असं कळल्यापासून रोज कुणीतरी सांगतंच. मुंबईत १८७४ ला घोड्यांची आली, १९०७ ला विजेवर धावली, ३१ मार्च १९६४ ला बंद पण पडली, तुझं काय नडलंय बे आता, असं मित्र विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

बरं, मी अख्खी ट्राम करतच नव्हतो, फक्त तिचा लाइफगार्ड. जुन्या ट्रामच्या तोंडाखाली लाकडी पट्ट्यांचं एक फाटक लोंबतं असायचं. रुळावर पडलेला माणूस त्याला लागला की फाटक मागं ढकललं जायचं, दांडी फिरायची, खटका सुटायचा आणि चाकांच्या पुढचा ट्रे धाडकन रुळाला टेकायचा, म्हणजे माणूस चाकाखाली जायच्या ऐवजी ट्रेत. वीज नाही, सेन्सर नाही, नुसतं वजन आणि खटका. असली अक्कल आज कुठल्या गाडीत आहे सांगा. तर हे सगळं एकास सोळा मापात, पितळेत, आणि चालणारं करायचं.

मधल्या मारुतीजवळच्या दुकानात पितळेची तार मागितली तर मालक म्हणाले, किती किलो? मी म्हटलं, वीतभर. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं, आतल्या पोराला हाक मारून "ह्यांना वीतभर पायजे" असं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. फुकट मिळण्यात एवढा अपमान असतो हे त्या दिवशी कळलं.

सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून पट्ट्यांना डाग द्यायची, खरी गंमत मे महिन्यात. पंखा लावला की इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, गार पडते आणि ट्रेच्या पट्ट्या उडून कपाटाखाली जातात, म्हणून पंखा बंद. बाहेर ४३, खोलीत किती ते मोजायची हिंमत नाही. सोल्डर १९० अंशाच्या आसपास वितळतं, आणि पितळ उष्णता अशी पळवतं की पाचवी पट्टी चिकटेपर्यंत पहिली सुटलेली. मग झालेल्या सांध्यांवर ओला कापूस ठेवायचा, पुढच्याला घाईनं डाग द्यायचा. हे सगळं नेमकं जमून आलेलं असतं तेव्हा खालून आवाज येतो, "अहो, पाणी आलंय, मोटर लावा!" चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढं ट्राम काय, रॉकेट असलं तरी सोडून पळावं लागतं.

शेवटी जुळलं सगळं. रुळावर माणूस म्हणून शेंगदाणा ठेवला, फाटक ढकललं, खटका सुटला आणि ट्रे हवेत तसाच. सरकारी फाईल जशी पुढं सरकत नाही तसा तो खाली येईना. बायको म्हणाली, मेला तुमचा शेंगदाणा.

उत्तर मिळालं अक्कलकोट रोडला, यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या, म्हणजे जॉबर, मामांकडं. त्यांनी हातात घेतलं, बोटानं फाटक ढकललं आणि म्हणाले, "हे तर आमच्या फोर्कसारखंच की ओ! बाण्याचा, म्हंजे आडवा धागा तुटला की फोर्क अडकतो न् माग थांबतो, तसंच. पण तुमच्या ट्रेला वजनच नाय."

आणि तिथंच सगळी मेख होती. लांबी सोळापट कमी केली की वजन सोळापट नाही, सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पट कमी होतं. खरा ट्रे चाळीस किलोचा धरला तर माझा दहा ग्रॅमचा, आणि खटक्याला घासायची नि चिकटायची जी खोड आहे ती काही त्या हिशोबानं कमी होत नाही. मामांनी खटक्यावर मशीन ऑइलचा एक थेंब सोडला, ट्रेच्या पोटाला शिशाचा तुकडा चिकटवला. खट्ट! शेंगदाणा वाचला. मामांनी तो उचलून खाल्ला. (फी म्हणून, असं मी समजतो.)

आता उलटंच झालंय. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली तरी ट्रे पडतो, रात्री दोनला खट्ट वाजतं, घरातले दचकून उठतात. आई म्हणते खाली कोण सापडलंय ते तरी बघ. बायको म्हणते झालं ना तुमचं, आता पसारा आवरा. मी हो म्हणतो. तीस फुटी ट्राम ह्या मापात जवळजवळ दोन फूट भरते आणि घरात तेवढी सलग मोकळी जागा फक्त टीव्हीच्या टेबलावर आहे, पण तो विषय काढायला पावसाळा लागू दे, पंखा सुरू असताना बोललेलं बरं.