पेंटरच्या छातीचा प्रश्न

गेल्या वर्षी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी दादा बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर निघाला आणि अर्ध्या वाटेवर एका ओट्यावर बसला. धाप लागली होती. आम्ही म्हटलं, थंडी आहे, गर्दीची धूळ आहे.

दादा बावीस वर्षं गाड्यांना स्प्रे मारतो. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं त्याचे उस्ताद सांगायचे. दिवसा त्याला बरं असायचं, खोकला सुरू व्हायचा रात्री दोनला. म्हणून कामाचा संशय आलाच नाही. मे महिन्यात लग्नासाठी अक्कलकोट तालुक्यात आठ दिवस राहिला, तिथं एकदाही दम्याचा पंप ओढावा लागला नाही. परत कामावर गेला त्याच रात्री छाती भरली. छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुट्टीत बरं वाटतं का?" त्याआधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. तिथं फक्त विडी ओढता का, एवढंच विचारलं.

टू-के म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या पेंटमध्ये रंग कडक करायला जे हार्डनर घालतात त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. चकाकी टिकते आणि गाडी लवकर वाळते ती त्यामुळेच. स्प्रेचा बारीक फवारा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी हवेत राहतो, आणि वास येईपर्यंत प्रमाण बहुधा मर्यादेच्या वर गेलेलं असतं. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एकदा शरीर त्याच्यावर बिथरलं की थोडासा अंशही पुरतो. त्रास कधी लगेच होतो, कधी काही तासांनी, म्हणजे घरी, अंथरुणात. रुमाल किंवा साधा मास्क इथं कामाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क आणि हवा ओढून घेणारी बंद खोली लागते.

सोलापुरात यंत्रमागावरच्या कापसाच्या तुसाने खोकला होतो, हे आपल्याला माहीत आहे. पेंटरचं मात्र कुणी बोलत नाही. खरं तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य दम्याचं नाव होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण दोन-तीन पोरांच्या गॅरेजात हजेरीचा कागदच नसतो, तिथं भरपाई मागायची कुणाकडे? मला मालकांचा राग येतोच, पण गाडी संध्याकाळपर्यंतच पाहिजे म्हणून अडून बसणारे आपणही आहोत.

डॉक्टरांनी श्वासाचा जोर मोजणारं, फुंकायचं छोटं यंत्र दिलं. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीलाही. तीन आठवड्यांची वही पाहून ते म्हणाले, स्प्रे गन सोडा. लवकर सुटलं तर छाती सावरायची शक्यता जास्त असते. बेचाळिसाव्या वर्षी, नुसत्या नजरेने शेड जुळवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्या रात्री तो जेवला नाही.

गन आता एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात आहे. परवा गेले तेव्हा त्याच्याही तोंडाला रुमालच होता. हार्डनरच्या डब्यावरच्या धोक्याच्या सूचनेचा फोटो काढून मी त्याच्या आईला पाठवलाय आणि फोन करून मराठीत वाचून दाखवलाय.